गुराब, गलबत आणि दस्तक: सरखेल कान्होजी आंग्रे यांनी दर्या कसा राखला

४ जुलै १७२९ रोजी सरखेल कान्होजी आंग्रे यांचं निधन झालं. वय साधारण साठ. त्याआधीच्या तीस वर्षांत मुंबईचे इंग्रज, गोव्याचे पोर्तुगीज, डच आणि जंजिऱ्याचा सिद्दी अशा सगळ्यांशी त्यांची गाठ पडली होती. यातले तिघे तर युरोपातून आलेले, मोठमोठ्या तोफांच्या जहाजांचे मालक. तरीही कुलाबा, खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग हे कान्होजींचे महत्त्वाचे जलदुर्ग त्यांच्या हयातीत कुणालाही जिंकून घेता आले नाहीत.

मुंबईपासून कारवारपर्यंतचा किनारा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना आंग्रे हे नाव नवं नाही. पण बहुतेक वेळा सांगितलं जातं ते शौर्य. शौर्य तर होतंच, मात्र नुसत्या शौर्यावर तीस वर्षं दर्या राखता येत नाही. कान्होजींच्या यशामागे एक अगदी व्यवहारी निर्णय होता: कुठलं जहाज बांधायचं आणि कुठलं नाही. हा निर्णय त्यांनी कसा घेतला, तो का टिकला आणि त्याला मर्यादा कुठे पडली, हे समजलं की त्यांचं आयुष्य जास्त नीट उमगतं.

संकपाळांचे आंग्रे झाले

कान्होजींचा जन्म १६६९ च्या सुमाराचा. घराण्याचं मूळ आडनाव संकपाळ; अंगारवाडी या गावावरून आंग्रे हे नाव पडलं. वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या आरमारात चाकरीला होते. म्हणजे मुलगा वाढला तो भरती-ओहोटीच्या हिशेबात, खलाशी आणि तांडेलांच्या संगतीत. हर्णैजवळच्या सुवर्णदुर्गावर त्याने तरुणपणीच नाव काढलं. मुघल फौजा कोकणात उतरलेल्या, संभाजी महाराजांचा अंत झालेला, राजाराम महाराज दूर जिंजीला अडकलेले. अशा काळात किनाऱ्यावरचे किल्ले एकेक करून हातचे जात होते. सुवर्णदुर्ग वाचवण्यात तरुण कान्होजींचा मोठा वाटा होता, अशी परंपरा सांगते.

त्या वेळी मराठी आरमाराचे प्रमुख होते सिधोजी गुजर. १६९८ मध्ये त्यांचं निधन झालं आणि आरमाराची सूत्रं कान्होजींकडे आली. सरखेल, म्हणजे आरमाराचा सरदार, हा किताब त्यांच्या नावाला तेव्हापासून जो चिकटला तो कायमचा. विजयदुर्ग आणि अलिबागसमोरचा कुलाबा ही त्यांची दोन प्रमुख ठाणी झाली.

पद मोठं होतं, तिजोरी मात्र रिकामी. राज्यच जिवावर बेतलेलं, त्यात आरमाराला पैसा कुठून येणार? आरमाराने आपला खर्च आपणच काढायचा होता. इथूनच पुढची सगळी गोष्ट सुरू होते.

समुद्र कुणाच्या बापाचा?

सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज अरबी समुद्रात परवाने विकत होते. त्याला ते कार्ताझ म्हणत. कार्ताझ नसलेलं जहाज सापडलं की माल जप्त. इंग्रजही पुढे आपल्या संरक्षणाखालच्या जहाजांना परवाने देऊ लागले. म्हणजे गुजरातचा किंवा मलबारचा व्यापारी स्वतःच्याच किनाऱ्यावरून माल नेताना परक्यांची चिठ्ठी खिशात ठेवत होता.

कान्होजींनी हाच नियम उलटा फिरवला. किनारा मराठी राज्याचा, तेव्हा या पाण्यातून जाणाऱ्याने मराठी राज्याचं दस्तक घ्यावं, त्याची रक्कम भरावी आणि निर्धास्त जावं. दस्तक असलेल्या जहाजाला हात लावायचा नाही. दस्तक नसेल तर जहाज मालासकट धरून बंदरात आणायचं.

इंग्रजांना हे मान्य होणं शक्य नव्हतं. त्यांच्या कागदपत्रांत कान्होजी सरळ चांचे ठरले. पण चांचा कुणालाही लुटतो. राज्याचा किताब, ठरलेली रक्कम, लेखी परवाना आणि तह हे चांच्याचं काम नव्हे. पोर्तुगीजांनी केलं तर कायदा आणि आंग्र्यांनी केलं तर लूट, असा तो न्याय होता. अर्थात पकडलेल्या जहाजावरच्या माणसाला हा फरक फारसा जाणवत नसणार, हेही तितकंच खरं. त्याच्यासमोर तोफा होत्या आणि त्याचा माल जात होता.

जहाज निवडायचं तर कशासाठी?

दस्तक कागदावर लिहिणं सोपं. ते मानायला लावायचं, तर व्यापारी जहाज गाठता आलं पाहिजे, अडवता आलं पाहिजे आणि न बुडवता बंदरात आणता आलं पाहिजे. बुडालेल्या जहाजातून दमडी मिळत नाही. लढाऊ जहाज आणि व्यापार अडवणारं जहाज यांत इथेच फरक पडतो.

युरोपियांची जहाजं खोल बुडाची, उंच बाजूंची, दोन्ही बाजूंना तोफांच्या रांगा असलेली. भर समुद्रात जोराचा वारा असताना त्यांच्याशी तोंडातोंडी लढणं म्हणजे आत्महत्या. शिवाय असं एक जहाज बांधायचं म्हणजे प्रचंड लाकूड, प्रचंड पैसा. आणि ते गमावलं तर सगळंच गेलं. पण त्यांच्यात दोन उणिवा होत्या. वारा पडला की ती जागच्या जागी लाकडाच्या ओंडक्यासारखी तरंगत राहत. आणि कोकणच्या खाड्यांत, खडकांच्या मधल्या उथळ पाण्यात त्यांना शिरताच येत नसे.

कान्होजींचं आरमार या दोन उणिवांवर उभं राहिलं. त्यात दोन प्रकारची जहाजं मुख्य होती.

पहिलं गुराब. दोन किंवा तीन डोलकाठ्यांचं. दोन काठ्यांचं गुराब साधारण दीडशे टनांचं, तीन काठ्यांचं तीनशे टनांपर्यंत जाई. लांबीच्या मानाने रुंदी बरीच, बूड उथळ आणि नाळ लांब पुढे आलेली. त्या नाळेच्या मागे, मुख्य डेकवर, समोर तोंड करून दोन मोठ्या तोफा बसवत. नऊ किंवा बारा पौंडी गोळा फेकणाऱ्या. बाजूंना लहान तोफा. समोरून मारा करता येणं ही फार मोलाची गोष्ट होती. पाठलाग करणाऱ्या जहाजाला गोळा टाकण्यासाठी आडवं वळून वेळ घालवावा लागत नसे. शत्रूच्या मागे लागलेलं असतानाच ते त्याच्यावर गोळे टाकू शके.

दुसरं गलबत. हे त्याहून लहान, फार तर सत्तर टनांचं. मुख्य डोलकाठीवर एकच भलंमोठं तिकोनी शीड, मागची काठी अगदी नावापुरती. काहींवर पक्का डेक आणि सहा-आठ लहान तोफा. काहींवर फाटलेल्या बांबूंचा हलका डेक आणि फिरत्या जंबुरकासारख्या छोट्या तोफा. गलबताची खरी ताकद होती चाळीस-पन्नास वल्ही. वारा असो नसो, ते तासाला चार मैल चालत असे. आज हा वेग हसण्यासारखा वाटेल. पण समोरचं जहाज जागचं हलतच नसेल, तर चार मैल खूप झाले.

याखेरीज मोठी पालं, मालवाहू शिबाडं, मचवे असा लवाजमा होताच. पण शिकारीची जोडी म्हणजे गुराब आणि गलबत. आठ-दहा गुराबं आणि चाळीस-पन्नास गलबतं एवढा आंग्र्यांचा मुख्य ताफा असे, असं वर्णन अठराव्या शतकातल्या इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्मने करून ठेवलं आहे.

गंमत अशी की हाच विचार मराठी राज्यकारभाराच्या पुस्तकातही सापडतो. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र १७१५ च्या सुमाराचं. त्यात आरमाराचं स्वतंत्र प्रकरण आहे. गुराबं फार थोर नकोत, फार लहानही नकोत, मध्यम असावीत; वाऱ्याशिवाय जी निरुपयोगी ठरतात असली मोठी जहाजं करण्यात अर्थ नाही, असा त्याचा आशय. आणि व्यापाऱ्यांना उगाच उपद्रव न देता त्यांची आमदरफ्त चालू ठेवावी, हेही त्यात आहेच. म्हणजे हे एकट्या कान्होजींचं डोकं नव्हतं. शिवकाळापासून किनाऱ्यावर जमलेलं शहाणपण होतं. कान्होजींनी ते पूर्ण ताकदीने वापरलं.

शिकार कशी होत असे

ताफा खाडीच्या तोंडाशी किंवा किल्ल्याच्या आडोशाला नांगरून असे. डोंगरावरून, बुरुजावरून टेहळणी. दूरवर शीड दिसलं की आधी ठरवायचं: दस्तकवालं आहे की नाही, एकटं आहे की सोबत लढाऊ जहाज आहे, वारा कुठला आहे.

कोकणात रात्री आणि पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा येतो. या दोहोंच्या मधल्या वेळात हवा बऱ्याचदा पडते. किनाऱ्याला धरून जाणाऱ्या व्यापारी जहाजाची हीच अडचणीची वेळ आणि आंग्र्यांची सोयीची. वारा पडला की गलबतं दोर लावून गुराबांना ओढत पुढे नेत. जायचं ते नेहमी शत्रूच्या पिछाडीकडून, कारण त्याच्या तोफा बाजूंना. पिछाडीला तोफा कमी, आणि वाऱ्याशिवाय त्याला वळताही येत नाही. गुराबं मागे उभी राहून डोलकाठ्या आणि शिडांच्या दोरांवर मारा करत. जहाजाचं बूड फोडायचं नाही, त्याचे पाय मोडायचे. ते लंगडं झालं की सगळी गलबतं चहूबाजूंनी भिडत आणि दोन-तीनशे माणसं तलवारी घेऊन एकदम वर चढत.

उलट एखादं बळकट जहाज वाऱ्यावर अंगावर आलं, तर लाज न बाळगता खाडीत परतायचं. मागे यायची हिंमत केलीच तर पुढे उथळ पाणी, खडक आणि किल्ल्याच्या तोफा तयार.

या सगळ्याला जहाजांइतकीच माणसं लागत. कोळी, भंडारी, गाबीत हे पिढ्यान्‌पिढ्यांचे दर्यावर्दी कान्होजींच्या आरमाराचा कणा होते. कुठे खडक, कुठे गाळ, कुठल्या तिथीला किती उधाण, हे त्यांना नकाशाशिवाय कळत असे. तोफांवर मात्र काही युरोपीय गोलंदाजही पगारी ठेवलेले होते. कान्होजींनी उपयोगी माणूस पाहिला, त्याची जात किंवा मुलूख नाही.

पावसाळ्यात हा सगळा कारभार बंद. हलकी जहाजं ओढून काठावर घ्यायची, डागडुजी करायची, नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा दर्यात लोटायची. विजयदुर्गाजवळ वाघोटण खाडीत गिर्ये गावी आंग्र्यांच्या गोदीचे अवशेष आजही आहेत.

कारवारहून निघालेलं जहाज

इंग्रजांशी कुरबुर १७०२ मध्येच सुरू झाली होती. तेव्हा सहा इंग्रज असलेलं एक छोटं व्यापारी जहाज कान्होजींनी धरलं. पण मुंबई हादरली ती नोव्हेंबर १७१२ मध्ये.

कारवारला कंपनीची वखार होती, मुख्यतः मिरीच्या व्यापारासाठी. वखारीचा प्रमुख टॉमस चाऊन आपल्या तरुण पत्नीसह मुंबईला निघाला होता. बसला होता तो मुंबईच्या गव्हर्नरच्या खास सशस्त्र नौकेत. सोबत मिरी भरलेलं ॲन नावाचं जहाज. वाटेत आंग्र्यांच्या चार जहाजांनी त्यांना गाठलं. लढाईत तोफेच्या गोळ्याने चाऊनचा हात गेला आणि तो रक्तस्रावाने मेला. नौका, मिरी आणि त्याची गरोदर विधवा कॅथरीन कुलाब्याच्या ताब्यात आली.

वयाची विशीही न ओलांडलेली ती बाई काही महिने कुलाब्यावर कैदेत राहिली. फेब्रुवारी १७१३ मध्ये ३०,००० रुपयांच्या मोबदल्यात तिची सुटका झाली आणि त्याच सुमारास इंग्रजांशी तहही झाला. आंग्र्यांच्या बाजूने हा मोठा राजकीय फायदा होता, गव्हर्नरचीच नौका धरल्यामुळे दबदबा वाढला. पण या घटनेत एका कुटुंबाची झालेली वाताहत लपवण्यात अर्थ नाही. दर्यावरच्या सत्तेची किंमत दोन्हीकडच्या माणसांनी मोजली.

दोन गाद्या, एक सरखेल

त्याच वर्षी घरातलं संकट उभं राहिलं. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर शाहू महाराज सुटून आले होते आणि मराठी राज्य सातारा व कोल्हापूर असं दुभंगलं होतं. कान्होजी ताराबाईंच्या, म्हणजे कोल्हापूरच्या बाजूचे. त्यांच्यावर चालून आलेले शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांनाच कान्होजींनी कैद केलं. साताऱ्याला धडकी भरली.

नोव्हेंबर १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले. ते श्रीवर्धनचे, कोकणची माणसं आणि कोकणचा स्वभाव ओळखणारे. त्यांनी लढाईऐवजी बोलणी केली. १७१४ मध्ये लोणावळ्याजवळ तह झाला. कान्होजींनी शाहूंची बाजू घेतली. बदल्यात सरखेलपद कायम आणि लहानमोठे सव्वीस किल्ले त्यांच्याकडे. या एका तहामुळे सह्याद्रीच्या वरची फौज आणि खालचं आरमार पुन्हा एका धन्याचं झालं. सात वर्षांनी याचं मोल कळायचं होतं.

मोठ्या जहाजांची फजिती

डिसेंबर १७१५ मध्ये चार्ल्स बून मुंबईचा गव्हर्नर झाला. आंग्र्यांना मोडायचंच, हा त्याचा ध्यास. त्याने नवी लढाऊ जहाजं बांधायला घेतली. १७१७ मध्ये विजयदुर्गावर हल्ला झाला, फसला. १७१८ मध्ये खांदेरीवर झाला, तोही फसला. १७२० मध्ये पुन्हा विजयदुर्ग. या वेळी जाड लाकडाचा, सपाट बुडाचा एक तरंगता तोफखाना खास बांधून आणला होता. त्याचाही उपयोग झाला नाही.

मग १७२१ च्या अखेरीला इंग्लंडच्या राजाच्या आरमारातली चार जहाजं घेऊन कमोडोर टॉमस मॅथ्यूज आला. गोव्याचा पोर्तुगीज व्हाइसरॉय स्वतः मोहिमेत उतरला. दोन्ही मिळून सहा हजारांच्या घरात माणसं कुलाब्यावर चालून गेली. त्या वेळी पेशवेपदी होते तरुण बाजीराव. ते घोडदळ घेऊन मदतीला आले आणि जमिनीवरचा हल्ला उधळला गेला. खुद्द मॅथ्यूजच्या मांडीला भाल्याची जखम झाली. इंग्रज आणि पोर्तुगीज एकमेकांवर खापर फोडत बसले. जानेवारी १७२२ मध्ये पोर्तुगीजांनी मराठ्यांशी वेगळा तह करून टाकला. पुढे १७२४ मध्ये डचांनी विजयदुर्गावर नशीब आजमावलं. हात हलवत परत गेले.

दरम्यान मुंबईकर इंग्रजांनी एक धडा मुकाट्याने घेतला. त्यांच्या मुंबईच्या आरमारातही गुराबं आणि गलबतं दिसू लागली, तीही याच नावांनी. शत्रूने आपलं जहाज उचलावं, याहून मोठी पावती कुठली?

मागे काय उरलं

कान्होजींच्या काळात अलिबाग नावारूपाला आलं. त्यांचा चांदीचा अलिबागी रुपया चालत असे. त्यांच्या पश्चात मात्र घर एक राहिलं नाही. सेखोजी १७३३ मध्ये गेले आणि मग संभाजी विजयदुर्गाकडे, मानाजी कुलाब्याकडे अशी वाटणी झाली. भावाभावांच्या भांडणात इंग्रज, पोर्तुगीज आणि पेशवे या सगळ्यांनाच हात घालायला जागा मिळाली.

पुढे तुळाजी आंग्रे आणि नानासाहेब पेशवे यांचं बिनसलं. पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. आंग्र्यांचं आरमार तेव्हा खाडीत किल्ल्याजवळ एकमेकांना खेटून उभं होतं. एक पेटता गोळा आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडूनच जिंकलेल्या एका जहाजावर पडला, आग एकाकडून दुसऱ्याकडे गेली आणि बघता बघता सगळा ताफा जळाला. जी जहाजं हलण्यासाठी बांधली होती, ती उभ्या-उभ्या संपली. गुराब आणि गलबत कमी पडली नाहीत. कमी पडली ती पाठीशी उभी राहणारी जमिनीवरची फौज. १७२१ मध्ये पेशव्यांचं घोडदळ कुलाब्याच्या बाजूने होतं. १७५६ मध्ये ते समोरच्या बाजूला होतं. फरक एवढाच, आणि एवढा मोठा.

कुलाब्याचं संस्थान १८४० च्या सुमारास इंग्रजांनी खालसा केलं. घराण्याची एक शाखा शिंद्यांच्या राज्यात ग्वाल्हेरला रुजली. मुंबईतला भारतीय नौदलाचा तळ आज आयएनएस आंग्रे या नावाने ओळखला जातो. १९९९ मध्ये टपाल खात्याने कान्होजींच्या स्मरणार्थ तिकीट काढलं. त्यावर आंग्र्यांचं गुराब आहे.

सरखेलांची समाधी अलिबाग शहरात आहे. ओहोटीला तिथल्या किनाऱ्यावरून कुलाब्यापर्यंत चालत जाता येतं, भरतीला वाट पाण्याखाली जाते. ज्याला पाण्याची वेळ कळते त्यालाच हा किल्ला साधतो. कान्होजींना ती आयुष्यभर कळत होती.